आखाजीला एकदा, दिवाळीला एकदा

मॅडम नमस्कार. आम्ही चोपड्याजवळ खेड्यात राहतो, कपाशी आणि थोडी केळी आहे. मुलगी सात वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. मागच्या महिन्यात मुलीच्या शाळेत तपासणीचं पथक आलं होतं, त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय की मागच्या दाढेला कीड आहे, दवाखान्यात दाखवा. पण तिला काहीच दुखत नाही. मुलाचे वरचे समोरचे चार दात काळे पडून झिजलेत आणि खालच्या दाढेत खड्डा आहे, जेवताना तो एका बाजूनेच चावतो. तीन वर्षांचा होईपर्यंत रात्री बाटलीने दूध घेऊनच झोपायचा. सासूबाई म्हणतात, "दूधना दात शेतस, पडी जातीन, काय व्हस नही." मिस्टर म्हणतात दुधाच्या दातांची आरसीटी (रूट कॅनाल, म्हणजे आतली सडलेली नस काढून भरणं) करणं म्हणजे डॉक्टरांचा धंदा आहे, माझ्या मित्राला तीन दातांचे भरपूर पैसे सांगितले. मला कळत नाही की दुखत नसताना मुलांना न्यायचं का, आणि दर सहा महिन्यांनी न्यायचं म्हणतात ते खरंच गरजेचं असतं का? मुलगा दवाखान्याच्या नावानेच रडतो.

— एक आई, चोपडा तालुका

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहून पुढे गेल्या आहात, "जेवताना तो एका बाजूनेच चावतो", माझी नजर तिथेच अडकली. तुम्हाला वाटतंय की दुखत नाहीये, पण पाच वर्षांचं लेकरू "माझी दाढ दुखते" असं मोठ्या माणसासारखं सांगत नाही हो, त्याला ते दुखणं हळूहळू लागलेलं असतं म्हणून त्याला वाटतं सगळ्यांचं असंच असतं, ते फक्त बाजू बदलतं. भाकरी नको म्हणतं, वरणात कुस्करून दिलं तर खातं, घास गालात धरून बसतं, गार पाणी प्यायचं टाळतं, रात्री उठून कुरकुरतं आणि आपण म्हणतो नाटकं करतोय, जेवायला त्रास देतो. मी पंचवीस वर्षं दाताचा दवाखाना चालवते, मी स्वतः अमळनेरकडची, आणि अशी किती तरी पोरं बघितलीत ज्यांची दाढ बरी केल्यावर आया पंधरा दिवसांनी येऊन सांगतात की मॅडम हा आता अख्खी भाकरी खातो.

त्यामुळे मुलाचं आधी. त्याला याच आठवड्यात न्या, वेचणी चालू असली तरी एक दिवस काढा. आणि मधल्या काळात जर त्याच्या गालाला सूज आली, ताप आला, तोंड नीट उघडेना, गिळता येईना किंवा सूज डोळ्याकडे नाहीतर गळ्याकडे सरकायला लागली तर मग वार-वेळ बघायची नाही, रात्र असली तरी सरकारी दवाखान्यात घेऊन पळायचं, आणि घरी शेक द्यायचा नाही, गरम विटेचा नाही, कपड्याचा नाही, काहीच नाही. दुखऱ्या दाढेपाशी हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवणं पण करू नका, आपल्याकडे मोठी माणसं करतात ते, त्याने हिरडी भाजते, आणि ॲस्पिरिन तसंही लहान मुलांना द्यायचं औषध नाही.

आता सासूबाईंचं. त्या बिचाऱ्या चुकीच्या हेतूने बोलत नाहीयेत, त्यांच्या काळात तसंच होतं, दात पडायचे आणि नवीन यायचे, आणि दात पडतात हे खरंच आहे. फक्त सगळे एकाच वेळी पडत नाहीत, सगळी गोम तिथे आहे. दुधाचे दात एकूण वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येऊन जातात. समोरचे सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात, पण मागच्या दुधाच्या दाढा नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान पडतात, सगळ्यात मागची तर दहा-बारा वर्षांची होईपर्यंत तोंडात राहते. म्हणजे तुमच्या मुलाची ती खड्डा पडलेली दाढ, ती जर मागची असेल, तर तिला अजून पाच ते सात वर्षं काम करायचंय. पाच वर्षं एका बाजूने जेवायचं का त्याने?

शिवाय ती दाढ खालच्या कायमच्या दाताची जागा राखून ठेवते, शेतात बांध असतो तशी. ती वेळेआधी काढावी लागली की शेजारची दाढ त्या मोकळ्या जागेत झुकते आणि मग कायमचा दात यायला बघतो तेव्हा त्याला जागाच नसते, तो वाकडा येतो किंवा आतच अडकतो, आणि पुढे बारा-तेराव्या वर्षी तारा लावायला जळगावला चकरा. म्हणून लवकर दाढ काढलीच तर डॉक्टर तिथे जागा धरून ठेवणारी एक छोटी तार बसवतात, ती उगाच नसते. आणि दुधाच्या दाढेच्या मुळांच्या मध्येच नवीन दात घडत असतो, त्या दुधाच्या दाढेत पू झाला आणि तसाच राहिला तर खालचा नवीन दात डाग पडलेला, खडबडीत येऊ शकतो.

दुधाच्या दातावरचं पांढरं कवच मोठ्यांच्या दातापेक्षा पातळ असतं, त्यामुळे कीड आतल्या नसेपर्यंत पोचायला वेळ लागत नाही, मोठ्या माणसात जे व्हायला वर्षं लागतात ते पोरांमध्ये काही महिन्यांत होतं. सहा महिन्यांचं अंतर सांगतात ते यामुळेच. आणि कीड जोपर्यंत वरच्या कवचात आहे तोपर्यंत दुखतच नाही, कवचात नसच नाही ना, दुखणार कसं? दुखायला लागलं म्हणजे ती आतल्या नसेपर्यंत येऊन पोचली. म्हणून "दुखत नाही तर कशाला न्यायचं" याचं माझं उत्तर हेच की दुखत नाही तेव्हाच न्यायचं, तेव्हा पाच-दहा मिनिटांचं काम असतं, दुखायला लागल्यावर चार चकरा, सुई आणि चौपट-पाचपट खर्च. कपाशीवर बोंडअळी दिसायची वाट बघत बसतो का आपण, आधीच कामगंध सापळे लावून बघतोच ना किती पतंग अडकलेत ते?

अळीवरून आठवलं, दाताच्या किडीत अळी-बिळी काही नसते. बाजारात, यात्रेत काही जण कानात नळी घालून, धूर देऊन "दातातला किडा" काढून दाखवतात, तो किडा त्यांनी आणलेला असतो. कीड म्हणजे तोंडातले जंतू. ते आपण खाल्लेली साखर, पीठ खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लाने दाताचं कवच विरघळतं. प्रत्येक वेळी गोड किंवा चिकट काही खाल्लं की साधारण अर्धा-पाऊण तास तोंडात हे आम्ल राहतं, मग लाळ ते हळूहळू धुऊन काढते आणि कवच परत थोडं सावरतं. आता पोराला सकाळी बिस्कीट, तासाभराने पाच रुपयाचं पाकीट, मग केळीचे वेफर्स, मग चॉकलेट, मग चहा-टोस्ट असं दिवसभर चरत ठेवलं तर लाळेला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणजे एकदाच जेवणाबरोबर खापरावरची पुरणपोळी पोटभर खाल्ली त्यापेक्षा दिवसभर पुरवून पुरवून खाल्लेलं एक चॉकलेट जास्त वाईट, हे ऐकून आया चकित होतात पण खरं आहे. आणि गूळ चालतो, साखर नाही, असं काही नाही, दाताच्या जंतूंना दोन्ही सारखेच. वेफर्स गोड नसतात म्हणून चालतात असंही नाही, ते दाढेच्या खाचांमध्ये जाऊन चिकटून बसतात. मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सांजोऱ्या, आमरस देऊ नका असं म्हणणारी बाई नाहीये, सणाला खाऊ द्या पोरांना पोटभर, फक्त जेवणाच्या ताटात द्या आणि वर पाणी प्यायला लावा.

आता ती रात्रीची बाटली. तुम्ही लिहिलंय त्यावरून मुलाचे वरचे समोरचे चार काळे झालेत आणि खालचे समोरचे चांगले आहेत, बरोबर ना? बाटलीने झोपणाऱ्या मुलांचं अगदी असंच दिसतं, कारण खालचे दात जिभेखाली झाकलेले राहतात आणि लाळ तिथे सुटते, वरच्यांवर मात्र दूध साचून राहतं, आणि झोपेत लाळ कमी होते म्हणून रात्रभर धुतलं जात नाही. त्यात साखर घातलेली असेल तर अजून. तुम्ही हे वाचून स्वतःला बोल लावून घेऊ नका, दिवसभर रानात राबून आलेल्या बाईचं पोरगं बाटलीने झोपत असेल तर तिने बाटली दिलीच असती, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं कुणी तर आमच्यासारख्यांनी, लेकरू वर्षाचं व्हायच्या आत. पहिला दात आला की सहा महिन्यांत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत दाताच्या डॉक्टरची पहिली भेट व्हायला पाहिजे. लोकांना हे ऐकून हसू येतं, दात दोनच आणि डॉक्टर कशाला. पण त्या भेटीत दात कमी आणि आईशी बोलणं जास्त असतं, बाटली कधी सोडायची, दात कसे पुसायचे, आणि ओठ वर करून बघायला शिकवतात. हिरडीच्या कडेने खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते, आणि त्या टप्प्यावर कवच घट्ट करणाऱ्या फ्लोराईडचा लेप आणि थोडी काळजी यावर ती थांबवता येते, ड्रिल नाही, सुई नाही, काही नाही. काळं दिसायला लागेपर्यंत ती पांढरी रेघ कित्येक महिने तिथे असते आणि घरात कुणालाच दिसत नाही.

तुमच्या भावजयीला, नणंदेला तान्हं बाळ असेल तर हे नक्की सांगा. आणि चमचा चाखून तोच बाळाच्या तोंडात घालणं बंद करायला सांगा, ते जंतू जन्मतः बाळाच्या तोंडात नसतात, बहुतेक वेळा आईच्या किंवा आजीच्या लाळेतून येतात. म्हणून तुम्ही स्वतःचे दात पण दाखवून घ्या ताई, पोरांबरोबरच.

मुलीचं आता, आणि इथे मला मनापासून बोलायचंय, कारण तुम्ही तिच्याबद्दल निर्धास्त आहात आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते.

सात वर्षांच्या पोरीच्या तोंडात सगळ्यात मागे जी दाढ दिसते ती बहुतेक वेळा दुधाची नसते, कायमची असते. सहाव्या वर्षाच्या सुमारास ती सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे चुपचाप येते, तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नसतो की नवीन काही आलंय, समोरचा दात पडला की आख्ख्या गल्लीला दाखवतो आपण, पण ही दाढ आलेली कुणी बघत नाही. सगळे समजतात दुधाचीच आहे, पडेल. ती पडत नाही ताई, ती म्हातारपणापर्यंतची आहे, ती गेली की गेली. आज उजेडात तिचं तोंड उघडून बघा, समोरच्या मधल्या रेघेपासून एका बाजूला मोजत जा, एक, दोन, तीन, चार, पाच, आणि सहावी दिसली तर ती कायमची. आणि शाळेच्या पथकाने "मागच्या दाढेला कीड" असं लिहिलंय.

माझी स्वतःची खालची डावी अशीच गेली. मी अकरा वर्षांची होते, खूप ठणकत होती, वडिलांनी तालुक्याच्या गावी नेलं, त्या माणसाने बघितलं, म्हणाला दुधाची आहे काढून टाकू, आणि काढली. घरी सगळ्यांना बरं वाटलं, मलाही, दुखणं थांबलं होतं ना. पुढे कॉलेजला दाताचं शिकताना एक दिवस आरशासमोर उभं राहून मी स्वतःचेच दात मोजले आणि मला कळलं की ती सहावी होती, परत कधी येणार नव्हती. मागची दाढ तिरपी होऊन पुढे सरकलीये, वरची खाली उतरलीये, आजही पेरू खाताना मी उजवीकडेच चावते. वडिलांना मी हे कधी सांगितलं नाही, त्यांनी त्यांच्या परीने बरंच केलं होतं, शेतातलं काम सोडून सायकलवर डबलसीट घेऊन गेले होते मला. पण म्हणूनच सहा-सात वर्षांचं कुठलंही पोर माझ्या खुर्चीत आलं की मी आधी ती सहावी बघते.

आणि त्या दाढेला वाचवायचा साधा उपाय आहे. नवीन आली की तिच्या वरच्या खाचा खोल असतात, ब्रशचा केससुद्धा तळापर्यंत जात नाही, अन्न तिथे अडकतं. त्या खाचांमध्ये कीड लागायच्या आधी एक पातळ द्रव भरून लाईटने घट्ट करतात, सीलंट म्हणतात त्याला, ना सुई ना ड्रिल, दुखत तर अजिबात नाही. तुमच्या मुलीच्या एका दाढेला कीड लागलीये म्हणे, तिथे बहुतेक छोटं फिलिंग लागेल, पण अशा दाढा चार असतात, बाकीच्या तीन चांगल्या असतील तर त्यांना सीलंट करून घ्या, डॉक्टरांनी स्वतःहून नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

मिस्टरांचा संशय. मी त्यांना दोष देणार नाही, आणि आमच्या धंद्यात सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असंही मी म्हणणार नाही. त्यांचं अर्धं म्हणणं बरोबरच आहे. मुलाच्या समोरच्या चार दातांना जर पू नसेल, हिरडीवर पुळी नसेल, ठणका नसेल, तर ते दोन-तीन वर्षांत पडणारच आहेत, तिथे प्रत्येकाला आरसीटी-कॅप करायलाच पाहिजे असं नाही. कधी नुसतं गुळगुळीत करून, कधी कीड थांबवणारं चांदीचं औषध लावून त्यांना पडेपर्यंत सांभाळता येतं, त्या औषधाने किडलेला भाग कायमचा काळा दिसतो पण कीड थांबते, आणि तुमच्या मुलाचे तर आधीच काळे आहेत. मागच्या दाढेचा मात्र हिशोब वेगळा, तिला अजून वर्षानुवर्षं राहायचंय, नस सडली असेल तर आरसीटी आणि वर स्टीलची टोपी हा काही लुटीचा प्रकार नाही, दाढ वाचवायचा तोच रस्ता आहे. म्हणून डॉक्टरांसमोर बसून मिस्टरांनी सरळ तीन गोष्टी विचाराव्यात, हा दात किती वर्षांनी पडणार, आत्ता काही केलं नाही तर काय होईल, आणि एक्सरेमध्ये कीड कुठपर्यंत गेलीये ते मला दाखवा. दाताचा एक्सरे छोटा असतो, दोन दाढांच्या मधली कीड वरून दिसतच नाही, एक्सरेतच दिसते. जो डॉक्टर शांतपणे दाखवून समजावतो त्याच्याकडे करा, जो उडवून लावतो त्याला नमस्कार करून दुसरीकडे जा, हा तुमचा हक्क आहे.

आणि पैशाचं म्हणाल तर आधी ती शाळेची चिठ्ठी शोधा, टाकून देऊ नका. ते पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं, २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात पालघरला सुरू झालेला कार्यक्रम आहे हा, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी, आणि ज्या तीस प्रकारच्या तक्रारी ते बघतात त्यात दातही आहेत. ती चिठ्ठी म्हणजे पुढे सरकारी दवाखान्यात मोफत उपचारासाठी पाठवल्याचा कागद आहे. तसंही १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार मोफत केलेत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाताचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते गावातल्या आशाताईंना विचारून जा, म्हणजे फेरी वाया जाणार नाही. मुलगा अंगणवाडीत जात असेल तर तिथल्या ताईंनाही सांगून ठेवा. आणि तिथे लहान मुलाचं सगळं काम होत नसेल तर धुळ्याला साक्री रोडवर एसीपीएम डेंटल कॉलेज आहे, दाताच्या कॉलेजमध्ये लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो, शिकणारे डॉक्टर सरांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो पण खर्च बाहेरच्यापेक्षा कमी असतो. सकाळची एसटी धरली तर एका दिवसात परत येता येतं.

मुलगा रडतो म्हणता. घरात कुणी त्याला "जेव नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" असं म्हणतं का? बघा आठवून. आपल्याकडे सगळ्या घरात म्हणतात, माझ्याही घरी म्हणायचे, आणि मग तोच डॉक्टर समोर आला की पोराने रडायचं नाही तर काय करायचं? ते आजपासून बंद करा, सासूबाईंनाही प्रेमाने सांगा. जायच्या दिवशी त्याला "काही होणार नाही, दुखणार नाही" असंही सांगू नका, कारण थोडं काही झालं की तुमच्यावरचा विश्वास जातो, फक्त म्हणा डॉक्टर तुझे दात मोजणार आहेत, मी तिथेच आहे. सकाळची वेळ घ्या, झोप झालेली आणि पोट भरलेलं असू द्या, दुपारी झोपेच्या वेळेला नेलेलं पोर कुणालाच ऐकत नाही. शक्य झालं तर आधी बहिणीला खुर्चीत बसवा आणि त्याला बघू द्या, मोठ्या बहिणीने तोंड उघडलं की धाकट्याला धीर येतो. आणि जर सुन्न करायची सुई दिली तर नंतर दोन-तीन तास त्याच्यावर लक्ष ठेवा, ओठ बधिर असतो तेव्हा पोरं मजा म्हणून तो चावत बसतात आणि घरी पोचेपर्यंत ओठ सुजून भोपळा, आई घाबरून परत येते.

खरं तर सहा महिन्यांची सवय यासाठीच लावायची. ज्या पोराची डॉक्टरशी पहिली ओळखच ठणका लागल्यावर, रात्रभर जागून, सूज घेऊन होते, ते जन्मभर घाबरतं, मोठेपणी पन्नाशीचा बाप्या होऊन माझ्या दारातून परत जातो. आणि जे दुखत नसताना येऊन नुसतं खुर्चीत वर-खाली बसून, दात मोजून, लेप लावून घरी जातं ते पुढच्या वेळी आपणहून तोंड उघडतं. तारीख लक्षात राहत नाही म्हणून मी आपल्याकडच्या बायकांना आखाजी आणि दिवाळी सांगते. बरोबर सहा महिन्यांच्या आसपासचं अंतर पडतं, पोरांना सुट्टी असते, आखाजीला तुम्ही माहेरी जातच असाल, येता-जाता तालुक्याच्या गावावरून. तुमच्या मुलाची कीड जास्त आहे म्हणून त्याला पहिल्या वर्षी कदाचित तीन-तीन महिन्यांनी बोलावतील, ते पैसे काढायला बोलावतायत असं समजू नका.

घरचं थोडक्यात. रात्री झोपायच्या आधी ब्रश, ही सगळ्यात महत्त्वाची वेळ, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. सकाळचा एखाद दिवस गडबडीत राहिला तरी चालेल, रात्रीचा नाही. पोरं सात-आठ वर्षांची होईपर्यंत ब्रश तुम्ही करून द्यायचा, त्यांच्या हातात दिला की ते चोखत बसतात, पोराचं डोकं मांडीवर घ्या, ओठ वर करा, मागच्या दाढांपासून सुरू करा. दुकानदाराने दिलेली मुलांची रंगीत टूथपेस्ट घेताना त्यात फ्लोराईड आहे का ते ट्यूबवर वाचा, काहींमध्ये नसतंच किंवा फार कमी असतं, हजार पीपीएमच्या आसपासची बघा. तीन वर्षांच्या आतल्याला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहाला वाटाण्याएवढी, जाहिरातीत दाखवतात तशी अख्ख्या ब्रशवर नाही. थुंकायला लावा पण चूळ भरभरून धुऊ नका, थोडं राहिलेलं बरं असतं. तुमच्याकडे बोअरचं पाणी पीत असाल आणि गावातल्या बऱ्याच मुलांच्या समोरच्या कायमच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसत असतील तर पाण्यात फ्लोराईड जास्त असू शकतं, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि ग्रामपंचायतीला पाणी तपासून घ्यायला सांगा, लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत पाहिजे.

घरात कुणी मिसरी लावत असेल तर ती पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आजी लावते म्हणून नात गंमत म्हणून बोटाने लावून बघते आणि तिथून सवय लागते, मी नवव्या वर्षी सवय लागलेली पोर बघितलीये. दातांच्या मंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे ती उगाच नाही. सासूबाईंना हे सांगायला अवघड जाईल, मला माहितीये. त्यांना मुलांबरोबर दवाखान्यात घेऊनच जा, त्यांचेही दात दाखवा, डॉक्टर सांगतील ते सुनेने सांगितल्यापेक्षा लवकर पटेल, आणि नातवाची दाढ एक्सरेत बघितली की "पडी जातीन" म्हणायच्या आधी त्या स्वतःच विचारतील, डॉक्टरसाहेब, हाई कधी पडई?

तर या आठवड्यात दोघांना घेऊन जा, बरोबर ती शाळेची चिठ्ठी घ्या. आज रात्री ब्रश करताना मुलीची ती सहावी मोजून बघा, चारही बाजूंना, आणि कुठे किती दिसतात ते एका कागदावर लिहून तो डॉक्टरांना दाखवा. मला उलट कळवा काय सांगितलं ते. वेचणी संपायची वाट बघू नका.